रबराची सहा पाने

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून, एक काळी वस्तू ठेवलेली असते. तळहातावर मावेल एवढी. मध्ये कांस्याचा एक पोकळ डोळा आणि त्याच्याभोवती रबराची जाडजूड सहा पाने. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांचे कुतूहल ती हमखास जागे करते. आमच्या पोस्टमनला ते फूल वाटले. चौथीतल्या एका मुलाने, "गुरुजी, एवढा मोठा खोडरबर कुठं मिळाला?" असे मोठ्या आदराने विचारले. पुण्याहून आलेल्या एका प्रकाशकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि आधुनिक शिल्पकलेबद्दल चार शब्द बोलून खाली ठेवली. मी त्यांना अडवले नाही. माझ्या कादंबरीचे हस्तलिखित त्याच वस्तूखाली होते आणि त्यांनी ते घेऊन जावे एवढीच माझी इच्छा होती.

त्या वस्तूला इंपेलर म्हणतात. नौकेचे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा तो प्राण. आमच्याकडे नुसते 'रबर' म्हटले तरी कळते. पंखा म्हणजे मात्र नौकेच्या बुडाशी पाणी कापणारा तो निराळा. त्याचा आणि ह्याचा घोटाळा होऊ देऊ नये.

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट पुढे असताना, रबराच्या तुकड्याची कथा कसली सांगता, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण मराठी वाचकाने यंत्राला परके समजण्याचे कारण नाही. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते नांगर आणि चरक करणाऱ्या एका कारखान्यातून. पुढे त्याच मासिकाने घरोघरच्या माजघरात कथा-कविता पोचवल्या. लोखंडाशी आपले साहित्य इतके फटकून कधीच नव्हते. शिवाय पुढच्या मजकुरात मासळी आहे, उधारी आहे आणि एक वहिनी आहे. तेव्हा घरच्या मंडळींनी पान उलटू नये.

आमचे घर मालवणचे, समुद्रावर जगणारे. आजोबा शिडाच्या होडीचे तांडेल. शीड फाटले तर दाभण आणि दोरा घेऊन ते स्वतः शिवायचे, वल्हे मोडले तर सुताराकडे जायचे. साऱ्या जन्मात त्यांनी 'स्पेअर पार्ट' हा शब्द उच्चारला नसेल. मग इंजिने आली. भारतातल्या मच्छीमारांच्या नौकांत इंजिन बसवण्याचा एक मोठा प्रयत्न आजच्या केरळात नॉर्वेच्या मदतीने झाला; त्याचा करार १९५२ सालचा. ती लाट किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत आमच्याकडे पोचली, आणि माझ्या थोरल्या भावाच्या वाट्याला शिडाऐवजी डिझेलचे इंजिन आले. शिडाला वारा लागायचा, तो फुकट होता. इंजिनाला डिझेल लागते, तेल लागते, आणि ह्या दोन्हींइतकेच निकडीचे लागते ते पाणी.

डोक्यावर घागर आणि पायाखाली विहीर, अशी त्या इंजिनाची स्थिती असते. आत डिझेल जळत असते. इंजिनाभोवती खेळणारे गोडे पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते. ते थंड करायचे कसे? मोटारीला समोरून वारा लागतो. नौकेच्या पोटात, फळ्यांच्या आड बसलेल्या इंजिनाला वारा कुठला? म्हणून बाहेरचे समुद्राचे पाणी आत ओढायचे, बारीक नळ्यांच्या कूलरमधून फिरवायचे, गोड्या पाण्याची उष्णता त्याला द्यायची आणि ते कडेने पुन्हा समुद्रात सोडून द्यायचे. खारे पाणी आणि गोडे पाणी एकमेकांना शिवत नाहीत, फक्त मधल्या पातळ भिंतीतून उष्णतेची देवघेव होते. इंजिन सुरू केले की आमचा एकही खलाशी आधी इंजिनाकडे पाहत नाही. तो कडेवरून वाकून पाण्याची धार पाहतो. धार पडते आहे ना? मग चला.

ही धार ज्याच्या जोरावर पडते तो पंप दिसायला अगदीच सामान्य. कांस्याची एक गोल डबी, तिच्यात हा इंपेलर. गंमत एवढीच, की डबीची आतली भिंत एका बाजूला थोडी पुढे आलेली असते. शाळा सुटल्यावर पोरे दारात कशी आकसतात आणि बाहेर पडताच कशी पसरतात, ते रोज पाहणाऱ्या माणसाला ह्या पंपाचे तत्त्व शिकवावे लागत नाही. रबराचे पान त्या उंचवट्यापाशी येते तेव्हा वाकते, पुढे गेले की ताठ होते. ताठ होताना दोन पानांमधली जागा वाढते, तिथे पाणी ओढले जाते. पुन्हा वाकताना जागा आटते, पाणी पुढे ढकलले जाते. मिनिटाला हजार फेरे धरले, तर दहा तासांच्या एका सफरीत प्रत्येक पान सहा लाख वेळा वाकते आणि सहा लाख वेळा ताठ होते.

आणि पाणीच त्याचे वंगण. समुद्रात तरंगणारी प्लॅस्टिकची एक पिशवी खालच्या तोंडावर बसली आणि पाणी आत येईनासे झाले, की ते रबर कोरड्या कांस्यावर घासू लागते, आणि एखाद्या मिनिटात जळायला लागते. पाने तुटतात. तुटलेले तुकडे नाहीसे होत नाहीत. ते पुढे वाहत जाऊन कूलरच्या नळ्यांत अडकून बसतात. म्हणून तुटका इंपेलर काढणाऱ्याने आधी पाने मोजायची. सहांतली चार असतील तर उरलेली दोन शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही. नाहीतर नव्या पंपाने ओढलेले पाणी जुन्या तुकड्यांवर आपटून परत फिरते.

कादंबरीत नौका बुडवणे फार सोपे असते. मी एकदा अर्ध्या पानात एक बुडवली आहे, आणि परीक्षकांनी त्या प्रसंगाची तारीफही केली. खऱ्या समुद्रावर नौका इतक्या नाटकीपणाने वागत नाहीत. तिथे सारे हळूहळू होते, आणि बराच वेळ काय होत आहे हेच कळत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, माझा भाऊ पाच खलाशी घेऊन सुरमईच्या जाळ्याला गेला होता. बंदरापासून वीसेक मैलांवर, रात्री दोनच्या सुमारास, एका खलाशाच्या लक्षात आले की धार बंद आहे. इंजिन ताबडतोब थांबवले. गाळणी उघडली, साफ होती. पंपाचे झाकण काढले. रबराची सहाच्या सहा पाने जागच्या जागी, एकही तुटलेले नाही. झाकण लावले, इंजिन चालू केले, धार नाही. पुन्हा बंद, पुन्हा तपासणी, पुन्हा चालू. अशा दोन खटपटींत इंजिनाने वाफ ओकली आणि हेड गॅस्केट जळाले. तोवर मतलई सुटली होती. मतलई म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. शिडाच्या दिवसांत आजोबा त्याच्यावर बसून मासळीला जायचे. बंद पडलेल्या नौकेला तोच वारा घरापासून दूर नेतो. नांगराला तळ लागेना. वायरलेसवरून हाका दिल्या. पहाटे वेंगुर्ल्याच्या एका नौकेने ऐकल्या, आणि दोर टाकून त्यांना ओढत आणले. दुपारी बंदरात पोचले तेव्हा वहिनी धक्क्यावर उभी होती. ती सकाळपासून तिथेच होती. कुणी काही बोलले नाही. तिने फक्त माणसे मोजली.

निदान बंदरातल्या मिस्त्रीने केले. इंपेलर बाहेर काढून त्याने एका हाताच्या चिमटीत मधला कांस्याचा बुश धरला आणि दुसऱ्या हाताने रबर फिरवले. ते जात्याच्या पाळीसारखे खुशाल फिरले. बुशाला रबर ज्याने चिकटलेले असते ती चिकटणच सुटली होती. शाफ्ट फिरत होता, बुश फिरत होता, आणि रबर आपल्या जागी स्वस्थ बसले होते. बाहेरून पाहणाऱ्याला सहा पाने दिसत होती आणि ती सहाही शाबूत होती. तो इंपेलर बसवून तीन महिनेही झाले नव्हते. जुन्या नामांकित खोक्यातून आला होता, पण खोके खरे आणि आतला माल भलताच. माझ्या टेबलावर आहे तो हाच.

दुरुस्तीत तीन आठवडे गेले, आणि ते ऐन मोसमातले. पुढे मोसम कसाबसा काढला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. नौका वर ओढून ठेवलेल्या असतात, आणि घराघरांत पैसा आटलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या मोसमासाठी सुटे भाग घ्यायचे असतात. २०२४ च्या जुलैत भावाने मला सांगितले, "खोक्यावरचे आकडे तू वाच. वहिनी येतली पैसे घेवन." तो स्वतः आला नाही. दुकानात गेल्यावर आपण रागावू, अशी त्याला भीती होती.

दुकान बाजारपेठेत, आत अंधारे आणि दर्शनी भागात उजेडाचे. दर्शनी भागात इंपेलरांची माळ टांगलेली, झेंडूसारखी. मला ती शोभा पाहूनच शंका आली. कारण मिस्त्रीने बजावले होते की उन्हात टांगलेले रबर घेऊ नका. ऊन आणि उघडी हवा रबराला म्हातारे करतात. वापरले नाही तरी ते आतून कडक होते आणि वाकवले की मुळाशी बारीक चिरा दिसतात. चांगला दुकानदार ते बंद पाकिटात, थंड जागी ठेवतो, आणि पाकिटावरची तारीख दाखवायला कचरत नाही.

मी ही माहिती आठवत उभा होतो तोवर वहिनीने माळेतला एक इंपेलर काढला होता. वहिनी तीस वर्षे मासळी विकते आणि घेतेही. सुरमई ताजी की शिळी हे ती कानसुला उघडून, अंगठ्याने पोट दाबून, वास घेऊन सांगते. तिने तेच केले. पान मुळापर्यंत वाकवून सोडले. बुडख्याशी नखाने दाबले. नाकाशी धरले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "भावजीनू, ह्यां शिळां आसा. दाबलां तर वर येणा नाय."

दुकानदार हसला. पण त्याने आतून दुसरा डबा काढला. हसण्याची वेळ खरे तर माझी होती, कारण मिस्त्रीने अर्ध्या तासात जे मला सांगितले होते ते ह्या बाईने मासळीच्या हिशोबाने अर्ध्या मिनिटात गाठले होते. वाकवलेले पान लगेच ताठ व्हायला हवे. अर्धवट वाकलेलेच राहिले तर ते डबीतही तसेच राहील आणि पाणी ओढणार नाही. म्हणूनच दोन महिने नौका वर असताना इंपेलर पंपातून काढून ठेवावा म्हणतात. एकाच जागी वाकून बसलेल्या पानाला तो बाक जडतो.

मापाची गोष्ट मात्र मासळीवरून कळत नाही. तिथे माझी गरज होती. आमच्या शेजारच्या काउंटरवर एक गृहस्थ आपला जुना इंपेलर घेऊन आले होते आणि त्याच्याशी मिळताजुळता शोधत होते. नमुना नेणे चांगलेच. पाने किती, बुशाच्या आत खाच आहे की दाते, दाते किती, हे त्याने कळते. पण जुना इंपेलर झिजलेला असतो. झिजलेल्याच्या मापाने नवा घेतला तर आपण ती झीजच पुन्हा विकत घेतो. माप घ्यायचे ते पंपाच्या डबीचे, तिच्या आतल्या व्यासाचे आणि खोलीचे. मिस्त्रीकडे व्हर्नियर कॅलिपर होता. शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिल्यानंतर इतक्या वर्षांनी मी तो हातात धरला. १६३१ साली आजच्या फ्रान्समधल्या पिएर व्हर्निये यांनी त्या सरकत्या पट्टीची युक्ती प्रसिद्ध केली. मिलिमीटरच्या दहाव्या भागाने काय बिघडते, असे तेव्हा आमच्या बाकावर आम्ही म्हणत असू. पंपाला बिघडते. इंपेलर रुंदीला किंचित कमी असला तर झाकण आणि रबर यांच्यामधून पाणी परत निसटते. पंप फिरतो, पण त्याला ओढ राहत नाही.

आणि आकडे. पंपाच्या अंगावर एक क्रमांक असतो, इंपेलरचा वेगळा असतो, आणि त्याच्या शेवटी पुष्कळदा एक शेपूट असते. ते शेपूट फालतू नव्हे. त्याच मापाचा, त्याच पानांचा इंपेलर दोन निराळ्या रबरांत मिळतो. एक समुद्राच्या स्वच्छ पाण्यासाठी, दुसरे नौकेच्या बुडाशी साचणाऱ्या, डिझेल-तेलाचा तवंग असलेल्या पाण्यासाठी. पहिले रबर वाकण्याला चिवट असते, दुसरे तेलाला. इंजिन थंड करायला पहिलेच हवे. दोन्ही काळे, दोन्ही सारखे. फरक फक्त शेपटाचा.

ह्या पहिल्या रबराला निओप्रीन म्हणतात आणि त्याची एक कथा आहे. अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखालच्या रसायनज्ञांना ते १९३० साली गवसले. पुढे १९३५ साली त्याच कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. म्हणजे माझ्या भावाच्या जाळ्याचा धागा आणि त्याच्या पंपाचे रबर ही एकाच घरची भावंडे. हा माणूस मात्र फार उदास प्रकृतीचा. नायलॉन जगापुढे आले १९३८ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले होते. मालवणच्या किनाऱ्यावर त्याचे नाव कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दुकानात ते पाकीट हातात आले की मला तो आठवतो.

आता मुख्य प्रश्न. घ्यावे कोणते? बाजारात तीन जातींचा माल असतो. पहिला ओरिजिनल, आणि त्यातही एक मेख आहे. इंजिनाची कंपनी पुष्कळदा पंप स्वतः बनवत नाही, दुसऱ्याकडून घेते. तोच भाग पंप बनवणाऱ्याच्या पाकिटात एका भावाने मिळतो, आणि इंजिनाच्या कंपनीच्या पाकिटात जास्त भावाने. पंपावरचे नाव नीट वाचणाऱ्याचे पैसे वाचतात. दुसरी जात लोकल. दुसऱ्या कारखान्याने आपल्या स्वतःच्या नावाने बनवलेली. आमच्याकडे 'लोकल' हा शब्द नाक मुरडून उच्चारतात. मला ते पटत नाही. जो आपले नाव पाकिटावर छापतो तो निदान आपली अब्रू पणाला लावतो. त्यातले काही इंपेलर उत्तम असतात, काही टाकाऊ. वापरणाऱ्या दहा तांडेलांना विचारावे आणि ठरवावे. तिसरी जात म्हणजे दुसऱ्याच्या खोक्यात बसलेला तोतया. त्याला किंमत थोडी कमी असते, फार कमी नसते; फार कमी असती तर कुणी फसले नसते. छपाई जरा पुसट, रबरावरचे आकडे उठावदार नसून नुसते शाईचे, आणि बुशाला चुंबक लावले की चिकटते. कांस्याला किंवा पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटले की समजावे, आत लोखंड आहे आणि वर मुलामा. पितळ आणि कांस्य यांतला भेद मात्र चुंबक सांगत नाही. समुद्राच्या पाण्यात साध्या पितळेतले जस्त विरघळून जाते, आणि मागे उरते ते गुलाबी, ठिसूळ तांबे. आमच्या पंपाच्या एका जुन्या स्क्रूचा रंग असा लाजल्यासारखा झाला होता. पकडीत धरताच तो बिस्किटासारखा मोडला.

दुकानदाराने आतून काढलेल्या डब्यात पंप-कंपनीचे बंद पाकीट होते. क्रमांक जुळला, शेपूट जुळले, चुंबक चिकटले नाही, आणि वहिनीचा अंगठाही समाधान पावला. मग किंमत निघाली. माळेतल्या मालाच्या ती चौपट होती. सोबत दोन सील आणि एक गॅस्केट धरून आकडा आणखी वर गेला.

वहिनी म्हणाली, "शेठ, खात्यार लिवा."

"माळेतला नेलास तर लिहितो," तो म्हणाला. "नारळी पौर्णिमेनंतर दे. हा मात्र रोख."

मला राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. खोट्या मालाला उधारी आणि खऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

"गुरुजी," तो शांतपणे म्हणाला, "हा माल मला कंपनी रोखीनं देते. माळवाला येतो, माळ टांगून जातो, पैसे दिवाळीला घेतो. मला जो उधार देतो त्याचाच मी तुम्हाला उधार देणार. मी काय घरचा घालू?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शहरातले लोक म्हणतात, कोळी स्वस्ताच्या मागे लागतात आणि मग समुद्रात अडकतात. त्यांना माल पारखता येत नाही. त्या दिवशी माझ्यासमोर माल पारखणारी बाई उभी होती. तिच्याइतकी पारख मी कुणा इंजिनियरातही पाहिलेली नाही. ती निवड करत होती, पण निवडायला तिच्यापुढे जुलै महिना होता. दोन महिने घरात पैसा आलेला नाही, आणि उधारी मिळते ती नेमकी तोतयावर. ज्या मालाला वाट पाहता येते तोच गरिबाच्या घरी जातो. आम्ही काही न घेता परतलो.

संध्याकाळी नौकेजवळ सगळे जमले. नौका वाळूवर, चिऱ्यांच्या आधाराने उभी. पलीकडे समुद्रात सिंधुदुर्ग पावसात भिजत होता. मिस्त्री पंप उघडून बसला होता. त्याने झाकणाच्या पट्टीवर पडलेल्या गोल रेघा दाखवल्या, आणि ती उलटून लावायला सांगितली. पट्टीची एक बाजू झिजली तरी दुसरी कोरी असते, गोधडी उलटून घ्यावी तसे हे काम. तेवढेच पैसे वाचले. गॅस्केट मात्र कुणी तरी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापून घातले होते, त्याच्यावर अर्धा गणपती दिसत होता. "देव आहे म्हणून ठेवू काय?" असे विचारून मिस्त्रीने ते अलगद बाजूला ठेवले. गॅस्केट जाड झाले की झाकण वर राहते, आणि फटीतून ओढ जाते. कागदाच्या जाडीवर सहा माणसांचा जीव!

मग त्याने पंपाच्या खालच्या अंगाचे एक बारीक छिद्र दाखवले. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात. एक पाण्याला अडवते, दुसरे इंजिनातल्या तेलाला. मधे हे छिद्र. पाण्याचे सील झिजले की छिद्रातून थेंब पडू लागतात. ती गळती नव्हे, निरोप आहे. शेजारच्या एका नौकेवर कुणीतरी ते गळणे थांबवण्यासाठी छिद्रात लाकडाची खुंटी मारली होती. गळणे थांबले. पाणी दुसऱ्या सीलातून तेलात गेले. पुढच्या वेळी तेल पाहायला पट्टी काढली तर ती दुधाच्या चहात बुडवल्यासारखी निघाली. ते इंजिन पुन्हा उघडावे लागले.

"म्हंजे दोन्ही सीलां व्हयी," भाऊ म्हणाला, आणि गप्प झाला. त्याचा हिशोब चालला होता, हे सगळ्यांना दिसत होते.

आमच्याकडे मासळीचे पैसे वाट्यांनी विभागतात. आधी डिझेल, बर्फ, जेवण यांचा खर्च वजा होतो. मग नौकेचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचे वाटे. इंजिनाचा खर्च मात्र मालकाचा, नौकेच्या वाट्यातला. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणूनच ती मोडत नाही. त्या संध्याकाळी ती मोडली. पाच खलाशांतला सर्वांत वडील, जो वडलांच्या वेळेपासून आमच्या नौकेवर आहे, तो विडी विझवून म्हणाला, "रबराचे पैसे सगळ्यांच्या वाट्यातून काढा. डिझेलाबरोबर."

भाऊ नको म्हणाला. मालकाची लाज असते.

"तेव्हा वाऱ्यार तू एकटो व्हावत गेलंस काय?" म्हातारा म्हणाला. "आमी सा जण होतंव."

कुणी हसले नाही. पुढचा मोसम लागल्यावर पहिल्या तीन सफरींत ते पैसे कापायचे असे ठरले. पण रोख तर आज हवी होती. ती वहिनीने आपल्या बचत गटातून काढली. गटातल्या बायकांना हे कर्ज कशासाठी ते सांगावे लागते. तिने सांगितले, 'रबरासाठी', आणि एकीनेही पुढे प्रश्न विचारला नाही. त्यांतल्या दोघींचे नवरे त्या रात्री आमच्या नौकेवर होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो, आणि दोन इंपेलर घेतले. एक पंपात घालायला आणि एक जवळ ठेवायला. दुकानदाराने न मागता किंमत थोडी कमी केली. त्याची ती माळ अजून तिथेच होती. शेजारच्या काउंटरवर कुणीतरी तिच्यातला एक काढून घेत होते, वहीत लिहून.

इंपेलर बसवताना मी हजर होतो. ग्रीस लावायचे नाही, हा मिस्त्रीचा दंडक. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली आणली होती. नसेल तर साबणाचे पाणीही चालते. पहिल्या क्षणी पंप कोरडा असतो, पाणी वर येईपर्यंत रबर जळू नये एवढ्यासाठी ते. सहा पाने एकाच दिशेला वाकवून डबीत कोंबणे हे दोन हातांचे काम नव्हे. वहिनीने गजरा गुंफायचा दोरा काढून पानांभोवती घट्ट गुंडाळला, इंपेलर अर्धा आत गेला, मग दोरा ओढून काढला. फिरण्याच्या उलट दिशेलाच पाने वाकली आहेत ना, ते मिस्त्रीने बोट फिरवून पाहिले. झाकण लागले. दुसरा इंपेलर पाकिटासकट पत्र्याच्या डब्यात गेला. डबा उन्हात आणि इंजिनाजवळ ठेवायचा नाही, असे त्याच्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिले.

नौकेवर आता एक वही असते. ती लिहिण्याचे काम माझ्या पुतणीकडे आले, कारण ती सातवीत आहे आणि तिचे अक्षर घरात सर्वांत चांगले. त्या दिवशी ती काठावर पाय सोडून बसली आणि तारीख घालून थांबली.

"काका, इंपेलर अनुस्वार देऊन लिहायचं की अर्धा म?"

मी म्हणालो, दोन्ही चालतील. पण परकी नावे आपल्या लिपीत आणताना माझा कल अनुस्वाराकडे असतो, कारण—

"आधी जुन्याची पानां मोज," खालून भावाचा आवाज आला. "मगे लिही."